सहा वर्षांची असताना मी लहान नव्हते का?

प्रिय ताई,

मला तीन मुलं. मोठी मुलगी 15 वर्षांची, मधला मुलगा 11 वर्षांचा आणि धाकटी 6 वर्षांची. मागच्या आठवड्यात धाकटीने मोठीच्या चित्रकलेच्या वहीवर स्केचपेनने रेघोट्या मारल्या. आठ दिवस खपून काढलेलं चित्र होतं. मोठी रडायला लागली आणि माझ्या तोंडून नेहमीचंच वाक्य निघालं, "जाऊ दे गं, लहान आहे ती." त्यावर ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, सहा वर्षांची असताना मी लहान नव्हते का?" मग वही उचलून आत गेली. मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते आहे.

मी मुलांमध्ये कधी फरक केला नाही. मला तिन्ही सारखीच. नवरा म्हणतो, वय आहे, होईल शांत. सासूबाई म्हणतात, थोरल्याला समजून घ्यावंच लागतं, मधलं हट्टी निघतं आणि शेंडेफळ लाडावतंच. जन्माच्या क्रमाने खरंच स्वभाव ठरतो का? की माझंच कुठे चुकलं? मधलाही हल्ली उलट बोलतो, पण तो पहिल्यापासून तसाच आहे. मोठीशी आता काय बोलू?

एक आई

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एक कागद घेतला आणि तुमच्या मुलांची वयं एकाखाली एक लिहिली. पंधरा, अकरा, सहा. मधला जन्मला तेव्हा मोठी चार वर्षांची होती. त्या दिवसापासून ती घरातली 'मोठी' झाली. आज धाकटी सहा वर्षांची आहे, म्हणजे मोठीला मोठेपण मिळालं त्या वयाहून दोन वर्षं पुढे गेली आहे, आणि अजून ती 'लहान' आहे. तुमच्या मुलीने कागद न घेता हाच हिशेब केला. त्यात उद्धटपणा नाही आणि वयाचा चिडचिडेपणाही नाही. तिने पंधरा वर्षांच्या स्वतःची सहा वर्षांच्या बहिणीशी तुलना केली नाही. तिने सहाव्या वर्षापुढे सहावं वर्ष ठेवलं. आपण आईवडील असं कधी करत नाही. आपण आजच्या मोठीला आजच्या धाकटीशेजारी उभं करतो आणि म्हणतो, तू केवढी, ती केवढी.

आपल्या भाषेत 'मोठी' या एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वयाने वाढलेली, जाणती. दुसरी म्हणजे भावंडांतली पहिली. तुमची मुलगी चौथ्या वर्षी मोठी झाली ती दुसऱ्या अर्थाने, पण घराने तिच्याकडून अपेक्षा केली ती पहिल्या अर्थाची. आवाज करू नकोस, बाळ झोपलंय. दे त्याला ते, तू मोठी ना? कपडे तुझे तू घाल, माझे हात अडकलेत. यातल्या एकाही वाक्यात दुष्टपणा नाही. हात खरंच अडकलेले असतात. पण चार वर्षांचं मूल तान्ह्या बाळाशेजारी उभं राहिलं की एकदम थोराड दिसायला लागतं. त्याचे हातपाय लांब वाटतात, बोलणं शहाण्यासारखं वाटतं. कालपर्यंत तेच घरातलं सगळ्यात लहान माणूस होतं, हे विसरायला होतं. धाकटीच्या बाबतीत हे घडलंच नाही. तिच्या शेजारी कोणी तान्हं येऊन झोपलं नाही. म्हणून ती सहाव्या वर्षीही लहान दिसते, आणि सांभाळलं नाहीत तर सोळाव्या वर्षीही दिसेल.

तुम्ही लिहिता, मी कधी फरक केला नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि तरीही तुमच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जोसेफ प्राइस यांनी 2008 मध्ये नेमकं हेच तपासलं. लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, याच्या तिथल्या सरकारी पाहणीतल्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि पहिल्या मुलाची तुलना त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाशी केली. आईचा किंवा वडिलांचा मुलासोबत खऱ्या अर्थाने घालवलेला वेळ पहिल्या मुलाला रोज 20 ते 30 मिनिटं जास्त मिळत होता. वर्षाचे झाले सुमारे एकशे वीस ते एकशे ऐंशी तास. आता यातला महत्त्वाचा भाग. हे आईवडील फरक करत नव्हते. कुठलाही एक दिवस घेतला तर दोन्ही मुलांना ते जवळजवळ सारखाच वेळ देत होते. पण मुलं वाढत जातात तसा घरातला मुलांसाठीचा वेळ कमी होत जातो. पहिलं मूल सहा वर्षांचं असताना जो वेळ हाताशी होता, तो दुसरं सहा वर्षांचं होईपर्यंत आटलेला असतो. रोजची वाटणी समान, आणि तरी सहाव्या वर्षाला सहावं वर्ष लावून बघितलं की तफावत उघडी पडते.

म्हणजे वेळेच्या बाबतीत बघितलं तर तुमच्या मोठीला जास्तच मिळालं आहे. पहिली चार वर्षं तुम्ही दोघं फक्त तिचे होतात. ती पहिल्यांदा कुशीवर वळली तेव्हा घरातले सगळे जमले असतील. एकच गोष्ट वीस वेळा वाचून दाखवायला कोणीतरी मोकळं होतं. धाकटीच्या वाट्याला हे इतकं आलेलं नसणार. अडचण एवढीच की मोठीला ती चार वर्षं फारशी आठवत नसणार. बहुतेकांना आठवत नाहीत. तिची आठवण सुरू होते ती 'तू मोठी ना' पासून. जे मिळालं ते आठवणीच्या पलीकडे राहिलं आणि जे सुटलं ते रोज डोळ्यांसमोर घडताना दिसतं. म्हणून "तुझेही आम्ही किती लाड केले" हे वाक्य सध्या तिला सांगू नका. खरं असलं तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

वेळेपेक्षाही जास्त बोचते ती शिस्त, आणि त्याबद्दल मला माझ्या घरातलं सांगायचं आहे. तुम्ही मला ताई म्हणता, पण घरात मी धाकटी. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचे बाबा शांत होते असं मी जन्मभर समजत आले आणि बाबा भयंकर तापट होते असं तो समजत आला. यावरून आमचे वादही झाले. काही वर्षांपूर्वी बोलता बोलता सायकलचा विषय निघाला. तो म्हणाला, "मला शिकवताना बाबा सीट धरून मागे धावायचे आणि सायकल जरा हलली की ओरडायचे. समोर बघ! हँडल सरळ! मला पडायची भीती नव्हती, त्यांच्या आवाजाची होती." मी आठवायला लागले. मी शिकले तेव्हा बाबा पायरीवर पेपर वाचत बसले होते. सीट दादाने धरली होती. मी पडले, गुडघा सोलवटला. बाबांनी पेपर खाली केला, "लागलं का? ऊठ," म्हणाले आणि पान उलटलं. एकाच माणसाने दोन मुलांना दोन वेगळे बाप दिले होते. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण माझ्यामागे ते धावले गं. तुझ्यामागे मी धावलो."

त्या वाक्यानंतर मी पहिल्या आणि शेवटच्या मुलाची तुलना 'कोणाला जास्त मिळालं' या प्रश्नाने करायची सोडून दिली. पहिल्या मुलाला आईबापांचा जास्त वेळ मिळतो आणि त्यासोबत त्यांची सगळी भीतीही मिळते. शेवटच्याला मोकळा श्वास मिळतो, पण दमलेले आणि सवयीने निर्धास्त झालेले आईबाप मिळतात. पहिलं मूल पडलं की काय होईल हे बाबांना ठाऊक नव्हतं. माझ्या वेळेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं की मुलं पडतात आणि उठतात. हे त्यांना दादाच्या गुडघ्यांनी शिकवलं होतं.

अमेरिकेतच जोसेफ हॉट्झ आणि हुआन पान्तानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की टीव्हीचे नियम, अभ्यासावरची नजर, कमी गुण पडल्यावरची तंबी, हे सगळं वरच्या मुलांच्या वाट्याला जास्त येतं आणि खाली उतरताना सैल होत जातं. त्यांचं म्हणणं असं की आईवडील पहिल्यावर कडक राहतात, कारण मागची मुलं बघत असतात. एकदा धाक बसला की तो पुढच्यांनाही पुरतो. हे मला पटतं, पण अर्धंच. घराघरांतून येणारी पत्रं वाचून माझं मत असं झालं आहे की बहुतेक आईवडील डावपेच म्हणून कडक नसतात. ते घाबरलेले असतात, आणि पुढे दमतात. पण मुलाला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुमच्या मोठीच्या जवळ या सगळ्याची मनातल्या मनात नोंद असेल. तिला कितव्या वर्षी एकटं बाहेर सोडलं, भावाला कितव्या वर्षी. तिचे गुण कमी झाले तेव्हा घरात काय झालं, त्याचे झाले तेव्हा काय झालं. चित्राची वही हे निमित्त होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जन्माच्या क्रमाने स्वभाव ठरतो का?

हा समज फार जुना आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्याला सिद्धांताचं रूप दिलं. दुसरं मूल आलं की पहिलं मूल गादीवरून उतरवलेल्या राजासारखं होतं, असं ते म्हणत. ते वर्णन मला अजूनही भिडतं. पण त्यावरून थोरला जबाबदार, मधला स्पर्धा करणारा, धाकटा लाडावलेला अशी जी मांडणी झाली, ती मोजणीत टिकली नाही. 2015 मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतली 20 हजारांहून जास्त माणसं होती, दुसऱ्यात अमेरिकेतले सुमारे 3 लाख 77 हजार शाळकरी विद्यार्थी. जबाबदारपणा, मनमिळाऊपणा, मोकळेढाकळेपणा, यांपैकी कशाचाही जन्मक्रमाशी दखल घेण्याजोगा संबंध निघाला नाही. बुद्धिमापन चाचणीत पहिली मुलं किंचित पुढे होती, तेही सरासरीने. तुमच्या किंवा माझ्या घरातल्या एखाद्या मुलाबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही.

मग सगळ्यांना हे खरं का वाटतं? कारण घरात आपण पंधरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांची मुलगी एकाच वेळी बघतो. पंधरावालीच जास्त समंजस असणार! नऊ वर्षं जास्त जगली आहे ती. हा वयाचा फरक आहे, आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. धाकटी पंधरा वर्षांची होईल तेव्हा मोठी चोवीस वर्षांची असेल, म्हणजे तेव्हाही धाकटी 'अल्लडच' दिसणार.

याच विषयावरचा नॉर्वेतला एक अभ्यास मी कधी विसरत नाही. 2007 मध्ये तिथल्या पेटर क्रिस्तेन्सेन आणि टोर बियेर्केदाल यांनी सैन्यभरतीच्या वेळी बुद्धिमापन चाचणी दिलेल्या 2 लाख 40 हजारांहून जास्त तरुणांच्या नोंदी तपासल्या. थोरले पाठच्यांपेक्षा सरासरी दोन-तीन गुणांनी पुढे होते. पण ज्यांचं थोरलं भावंड तान्हेपणीच गेलं होतं आणि जे त्यामुळे घरातले सगळ्यात मोठे म्हणून वाढले होते, असे दुसऱ्या क्रमांकाचे मुलगे थोरल्यांच्याच बरोबरीला होते. फरक कितवे जन्मलो यातून येत नव्हता. घराने कितवा म्हणून वाढवलं, त्यातून येत होता. तुमच्या सासूबाई म्हणतात ती रीत मुलांच्या रक्तात नाही, आपल्या वागण्यात आहे. आणि वागणं बदलता येतं, म्हणूनच मी हे इतकं लांबवून लिहिते आहे.

आणि यामुळेच मला तुमच्या मुलाबद्दल बोलायचं आहे. तुमच्या पत्रात मोठीचे शब्द आहेत, तिचं रडणं आहे, धाकटीचे स्केचपेन आहेत. मधल्याबद्दल एकच वाक्य आहे, "तो पहिल्यापासून तसाच आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तो जन्मला तेव्हा घरात आधीच एक मूल होतं. पाच वर्षांचा झाला तेव्हा तिसरं आलं. मोठीला चार वर्षं एकटीची मिळाली. धाकटीलाही, वरची दोघं शाळेत जायला लागल्यावर, दुपारच्या दुपारी तुम्ही एकटीला मिळाला असाल. त्याला असा सलग वेळ किती मिळाला असेल, ते तुम्हीच आठवून बघा. अमेरिकेतल्या ॲलेक्स जेन्सन आणि सुझन मॅकहेल यांनी किशोरवयीन भावंडांच्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की दोघांची कामगिरी साधारण सारखी असूनही बहुतेक आईवडिलांना थोरलं मूल जास्त हुशार वाटत होतं. आणि मुलांचे पुढचे गुण त्या समजुतीच्या दिशेने सरकले. आपण मुलावर चिकटवलेली चिठ्ठी मूल वाचतं. 'उलट बोलणारा' ही चिठ्ठी आजच काढा. त्याला आठवड्यातून एकदा, बहिणींना वगळून, तुमच्यापैकी एकाने कुठेतरी सोबत घेऊन जा. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका. सुरुवातीला तो गप्प राहील, राहू दे.

मोठीशी काय बोलायचं, यावर मी बराच विचार केला.

पहिली गोष्ट, घाई करू नका, पण हे असंच विरूनही जाऊ देऊ नका. "वय आहे, होईल शांत" हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर ठरेलही, पण शांत होणं आणि समाधान होणं यात अंतर आहे. मोठी मुलं शांत होण्यात पटाईत असतात, तेच तर त्यांना शिकवलेलं असतं. ती एकटी असताना तिच्याजवळ बसा आणि वहीचा विषय तुम्हीच काढा. "त्या दिवशी तू मला विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी विचार केला. तू बरोबर होतीस." इथपर्यंत बोलून झाल्यावर 'पण' हा शब्द तोंडात येईल. पण आम्ही तरी काय करणार, पण तूही समजून घे, पण आमचं प्रेम सारखंच आहे. तो 'पण' गिळा. त्याच्यापुढे जे काही आहे ते सगळं खरं असेल, तरी त्या दिवशी नको.

दुसरी गोष्ट, धाकटीच्या तोंडावर "लहान आहे ती" हे वाक्य बंद करा. सहा वर्षांच्या मुलीला 'ही ताईची वही आहे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही' एवढं नक्की कळतं. तिला रागावून मोठीची भरपाई होणार नाही, आणि तसं करूही नका. पण चूक झाली हे तिला तिच्या वयाला झेपेल अशा रीतीने निस्तरू द्या. वही तिनेच ताईकडे न्यावी, काय झालं ते तिच्या शब्दांत सांगावं, पुढे काय करायचं ते ताईला विचारावं. आणि मोठीला एक कप्पा द्या, उंचावर, किल्लीचा. ज्यातलं काही वाटून घ्यावं लागणार नाही असं तिचं स्वतःचं काहीतरी घरात असू द्या.

तिसरं काम तुमचं आणि तुमच्या यजमानांचं. आठवडाभर नजर ठेवा आणि मोठी 'मोठी' म्हणून काय काय करते ते लिहून काढा. धाकटीचा अभ्यास घेणं, मधल्याला उठवणं, तुम्ही बाहेर असताना दोघांकडे बघणं. मग त्यातली मदत कुठली आणि जबाबदारी कुठली हे बाजूला काढा. खूण सोपी आहे. तिने ते केलं नाही तर बोलणी कोण खातं? ती खात असेल, तर ती मदत राहिलेली नाही, तुमचं काम तिच्या अंगावर गेलं आहे. घरातल्या कामात मुलांनी हात लावावा याच्या मी पूर्ण बाजूची आहे. पण भावंडांच्या वागण्याचा जाब थोरल्याला विचारणं हा अन्याय आहे, आणि तो इतक्या घरांत होतो की कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. धाकट्याने अभ्यास केला नाही, तर "तू काय करत होतीस?" ही बोलणी मोठीने खायची नसतात.

नियमांचंही असंच. मधल्याला एखादी गोष्ट मोठीपेक्षा लवकर मिळणार असेल, मग तो फोन असो की उशिरापर्यंत बाहेर राहायची मुभा, तर तिला ती आयती कळू देऊ नका. आधी तिला सांगा आणि खरं कारण सांगा. "तुझ्या वेळी आम्हाला काही माहीत नव्हतं, आम्ही घाबरलो होतो. तू नीट वागलीस म्हणून आमची भीती गेली, आणि त्याचा फायदा त्याला मिळतोय." हे तिचं श्रेय आहे, तिला द्या. सगळ्यांना सगळं अगदी सारखं देत बसण्याची गरज नाही. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी 1997 मध्ये 11 ते 13 वर्षांच्या मुलांशी बोलून असं नोंदवलं की आईवडील वेगळं वागवतात हे मुलांच्या लक्षात येतं, पण चारांपैकी तीन वेळा त्यांना ते अन्यायाचं वाटत नाही. भावंडाचं वय वेगळं आहे, गरज वेगळी आहे, हे मुलं मान्य करतात. खुपतो तो ज्याचं कारण कोणी सांगत नाही असा फरक. तुमच्या मुलीने कारणच विचारलं होतं.

ज्यांच्या घरी दुसरं मूल येऊ घातलंय अशा वाचकांसाठी इथेच एक सांगून ठेवते. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजमध्ये 40 घरांत दुसऱ्या बाळाच्या येण्याच्या आधीपासून जाऊन निरीक्षण केलं होतं. ज्या आया पहिल्या मुलाशी बाळाबद्दल एका माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या, 'त्याला काय हवं असेल, का रडत असेल गं?' असं विचारत होत्या, त्या घरांतली भावंडं पुढे एकमेकांशी जास्त प्रेमाने वागताना दिसली. 'तू मोठी ना' याच्या जागी ठेवायला यापेक्षा चांगलं वाक्य मला माहीत नाही.

तुमची मुलगी कामापुरतं बोलते, एवढंच तुम्ही लिहिलं आहे. तिची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, मैत्रिणी तुटल्या असतील किंवा जगण्याबद्दलच निराशेचं काही बोलत असेल, तर माझ्या सल्ल्यावर विसंबू नका. शाळेतल्या समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

आणि तुमचं कुठे चुकलं, या प्रश्नाबद्दल. चार वर्षांची मुलगी तुम्हाला मोठी दिसली, कारण तुमच्या कुशीत तान्हं बाळ होतं. मी याला गुन्हा म्हणणार नाही. पण ते कोणीतरी कबूल करावं एवढं तिला नक्की लागलं आहे.

ती कदाचित तोच प्रश्न पुन्हा विचारेल, किंवा तुम्हीच तो पुन्हा काढाल. तेव्हा एवढंच म्हणा, "होतीस. चार वर्षांची होतीस तेव्हासुद्धा लहानच होतीस." मग गप्प बसा. ती रडली तर रडू द्या, आणि आतून धाकटीने हाक मारली तर त्या वेळी तुमच्या यजमानांना उठू द्या.

तुमची,
ताई